दुकान वाढवीत आहोत

लाँड्रीवाल्याला सगळे ‘कडक’ म्हणत, पण त्या नावाचा त्याच्या स्वभावाशी काडीइतकाही संबंध नव्हता. गिऱ्हाइकानं शर्ट काउंटरवर ठेवला की तो एवढंच विचारायचा, “कडक की मऊ?” म्हणजे खळ घालायची की नाही. दिवसभरात इतक्या वेळा तो शब्द तोंडातून जायचा, की शेवटी तो त्यालाच चिकटला. माणूस मात्र असा, की महिनोन्‌महिने कपडे न नेणाऱ्याला आठवण करून देतानाही स्वतःच ओशाळायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं शेजारचा किल्लीवाला त्याच्याबद्दल म्हणायचा. किल्लीवाल्याची म्हण नेहमी थोडी चुकीच्या जागी बसायची. किल्ल्या मात्र बरोबर बसायच्या.

दुकान चिंचोळं होतं. पुढे काउंटर, त्याच्यामागे कपडे टांगायचा लांब दांडा, मग वाफेच्या इस्त्रीचं टेबल, आणि पडद्याच्या पलीकडे राहायची खोली. खोलीत पलंग, शेगडी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्चीही एके काळी होती. तिचा पाय मोडला तेव्हा त्यानं ती दुरुस्त केली नाही. तिच्यावर बसणारं कोणी नव्हतं, आणि मोडकी खुर्ची अडगळीत गेल्यावर खोली उलट बरी वाटायला लागली. लग्न राहून गेलं होतं. ठरवून नव्हे, नुसतंच राहून गेलं, जसा एखादा शर्ट दांड्याच्या टोकाला सरकत सरकत जातो आणि मग कोणाचाच राहत नाही.

माणसं तो कपड्यांवरून ओळखायचा. चिठ्ठीवर नाव लिहायची त्याला सवयच नव्हती. निळा सूट, मखमली पडदे, कॉलरवर शाई, असं लिहायचा आणि तेवढ्यावर काम चालायचं. निळा सूट रस्त्यात स्वेटर घालून भेटला तर तो सरळ पुढे निघून जायचा. मग मागून हाक यायची, “काय काका, ओळख विसरलात?” आणि हा वळून त्या माणसाच्या खांद्यांकडे बघायचा. चेहरा दगा देतो, खांदे देत नाहीत.

वर्ष संपायला आलं की गिऱ्हाइकांना शुभेच्छापत्र पाठवायची पद्धत त्याच्या वडिलांनी घातली होती. तेव्हा त्या रस्त्यावरचे सगळेच पाठवत. चष्मेवाल्याच्या कार्डावर चष्मा घातलेलं घुबड असे, सायकलवाला टायरवर सवलत देई, आणि दातांचा डॉक्टर इतकं गोड हसणाऱ्या मुलाचं चित्र छापी की बघणाऱ्याचा दात दुखावा. पुढे सगळे फोनवर गेले. एक बटण दाबलं की हजार लोकांना शुभेच्छा. कडकनं कागद सोडला नाही. आपण सोडला तर कोणाच्या लक्षात येईल का, असा विचार त्याच्या मनात एकदा येऊन गेला होता, आणि त्याचं उत्तर नको म्हणूनच बहुधा तो पाठवत राहिला.

कार्डातली भाषा वडिलांची होती. “आपणास व आपल्या कुटुंबीयांस आमच्याकडून नववर्षाच्या शुभेच्छा.” वडील, आई, दोन भाऊ, कामाला दोन माणसं, असं दुकान असताना ते ‘आमच्याकडून’ शोभत होतं. मग एकेक जण गेला आणि तो शब्द तसाच राहिला. आता ‘आम्ही’ म्हणजे तो आणि इस्त्री.

अशा कार्डाला उत्तर येत नाही, यावं अशी अपेक्षाही कोणी करत नाही. सवलत वाचली जाते, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी लिहिली जाते. असं एक कार्ड त्याला त्याच्याचकडे धुवायला आलेल्या पँटच्या खिशात सापडलं होतं. मागे लिहिलं होतं: साबण, बटाटे, बल्ब. त्यानं ते पँटबरोबर पिन लावून परत दिलं. बल्ब आणायचा राहिला असला तर.

उत्तर दिलं होतं ते फक्त राखाडी कोटानं. ती बाई थंडी संपली की कोट टाकायची आणि थंडी लागायच्या आधी न्यायची. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा कोट न्यायला आली तेव्हा म्हणाली होती की मागच्या नववर्षाला तुमचं कार्ड आलं, त्या दिवशी टपालात तेवढंच एक होतं. बस्स, एवढंच. कोट हातावर घेऊन गेली. कडकनं ते वाक्य पुढे किती दिवस उलटसुलट करून पाहिलं, जसं कापड उजेडात धरून बघतात, सुलट बाजू कुठली ते. ती खूश होती की एकटी होती, ते त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तेव्हापासून बाकीच्यांच्या पाकिटांवर छापील पत्ता जायचा, तिच्या पाकिटावर तो स्वतः शाईच्या पेनानं लिहायचा. यापलीकडे त्यानं काही केलं नाही. करण्यासारखं यापलीकडे काही असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

या वर्षी त्याचा उजवा खांदा वर जाईना. दांड्यावर हँगर अडकवायचा तर डाव्या हातानं उजवा कोपर उचलावा लागे. डॉक्टर म्हणाला, वाफेपासून लांब राहा. म्हणजे माशाला सांगावं की पाण्यापासून लांब राहा. पुतणीनं फोन केला. दुसऱ्या गावात तिचं घर होतं, मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. “काका, हट्ट पुरे आता,” ती म्हणाली. त्यानं हट्ट केलाच नव्हता. नाही म्हणायला काही कारण हवं, ते शोधायला त्यानं दोन दिवस घेतले, आणि सापडलं नाही म्हणून हो म्हणाला. वर्षअखेरीस जायचं ठरलं.

गिऱ्हाइकांना सांगायचं तर कार्डातच सांगावं. त्यानं काउंटरवर कागद घेतला आणि तिथंच अडला.

त्याच्या घरात ‘बंद’ हा शब्द दुकानाला लावत नसत. आई दिवा विझवत नसे, वाढवत असे. तिच्या हातातली बांगडी कधी फुटली नाही, नेहमी वाढली. आणि संध्याकाळी वडील हात पुसत म्हणत, “चला, दुकान वाढवू या,” की शटर खाली यायचं. संपणाऱ्या गोष्टीला संपली म्हणायचं नाही, तिला वाढली म्हणायचं. ती ऐकत असते. कडक फार श्रद्धाळू होता असं नाही, पण जीभ शिकते ती पहिल्यांदाच. ‘आम्ही दुकान बंद करीत आहोत’ असं त्यानं लिहून पाहिलं आणि ताबडतोब खोडलं. जिवंत माणसाच्या तोंडावर चादर ओढल्यासारखं वाटलं. मग लिहिलं:

‘इतकी वर्षे आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. या वर्षअखेरीस आम्ही दुकान वाढवीत आहोत.’

‘कायमचे’ हा शब्द घालावा का, असा प्रश्न पडला. पण रोज संध्याकाळी दुकान वाढतं, त्याचं कोणी कार्ड छापतं का? छापलंय म्हणजे कायमचंच. शहाण्याला शब्दाचा मार. पुढे लिहायचं होतं की एकदा येऊन जा. तसं लिहिणं बरं दिसेना, म्हणून लिहिलं: ‘त्यानिमित्त सर्व कपड्यांवर निम्मा दर. अवश्य यावे.’

निम्म्या दराचं त्याला काही नव्हतं. लोक यावेत, काउंटरच्या पलीकडे उभे राहावेत, आणि कोणीतरी म्हणावं, अरे, चाललात. एवढ्या एका वाक्यासाठी तो निम्मा दर होता.

छापखाना आता मुलगी चालवत होती. तिचे वडील होते तेव्हा एकेक अक्षर चिमट्यानं जुळवायचे आणि जुळवता जुळवता गिऱ्हाइकाचं व्याकरणही दुरुस्त करायचे. मुलगी हसतमुख होती, भराभर काम करायची आणि मजकूर वाचत नव्हती. तिनं कागदाचा फोटो काढला, म्हणाली, “होऊन जाईल काका, मस्त करते.” कार्डं आली तेव्हा त्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत फुगे होते, लाल-पिवळे. आणि त्यानं जिथं पूर्णविराम दिला होता तिथं तिनं उद्गारचिन्ह घातलं होतं. ‘आम्ही दुकान वाढवीत आहोत!’ कडकनं ते बराच वेळ पाहिलं. थोडं मोठ्यानं बोलल्यासारखं झालंय, त्याला वाटलं. पण नवं वर्ष म्हणजे फुगे आलेच, आणि पोरीनं प्रेमानं केलं होतं. तिला परत करायला लावणं त्याच्या जिवावर आलं. राखाडी कोटाच्या पाकिटावर पत्ता लिहिला, बाकीच्यांवर चिकटवला, आणि सगळी पेटीत टाकली.

पहिला आला तो निळा सूट. बँकेतला माणूस, नेहमी घाईत. त्यानं आल्या आल्या काउंटरवरून हात पुढे केला. “अभिनंदन काका. या वयात हिंमत लागते.”

कडकला ते ऐकून भरून आलं. सोडून जायलाही हिंमत लागते, हे कोणीतरी ओळखलं. तो म्हणाला, आता खांदा ऐकत नाही. निळा सूट म्हणाला, मग माणसं ठेवा, आता माणसं लागतीलच. आणि तीन सूट टाकून गेला. माणसं कशाला लागतील ते कडकला कळलं नाही, पण घाईतला माणूस कशावरून कशावर उडी मारतो याचा नेम नसतो.

त्यानंतर मखमली पडद्यांची बाई आली. तिनं दुकानभर नजर फिरवली आणि शेजारच्या भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं.

“ही भिंत पाडणार का?”

“कुठली?”

“पलीकडचा गाळा घेतलात ना? दुकान वाढवताय म्हणजे पलीकडेच वाढणार. इकडे तर रस्ता आहे.”

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो उजेड असा की त्यात काहीच दिसत नाही, नुसतं दिपतं. त्यानं तोंड उघडलं. बाई पडदे मोजत होती, म्हणत होती की मुलाच्या शाळेजवळ शाखा काढाल तर बरं होईल. त्यानं पडदे घेतले, चिठ्ठी लिहिली, आणि तोंड मिटलं.

दुपारी किल्लीवाला आला, तो तणतणतच. हातात कार्ड होतं. त्याला कार्ड पाठवलेलं नव्हतं, कोण्या गिऱ्हाइकानं दाखवलं होतं.

“इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो,” तो म्हणाला, “आणि माझा गाळा घेताना मला सांगायचंही नाही? मालकाशी परस्पर बोललास? कडक, तुला मी गरीब गाय समजत होतो.”

कडकनं त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसला, आणि सगळं सांगितलं. खांदा, डॉक्टर, पुतणी, आणि दुकान वाढवणं म्हणजे काय ते. किल्लीवाल्यानं कपाळाला हात लावला. मग त्याच्या पोटातून हसू यायला लागलं, आणि ते खोकल्यात गेलं, आणि खोकल्यातून परत हसू आलं.

“अरे, ती बोली आपल्या आईबापांबरोबर गेली. आता वाढवणं म्हणजे वाढवणंच. आणि वर फुगे लावलेस. मयताच्या चिठ्ठीवर पिपाणीचं चित्र.” डोळे पुसून तो म्हणाला, “बाहेर एक पाटी लाव. बंद. दोन अक्षरं. सुंठीवाचून खोकला गेला.”

“ते नाही लिहिणार.”

“मी लिहितो.”

“नको.”

किल्लीवाला थोडा वेळ पडद्याची किनार बोटानं चाचपत राहिला. कडक वाट बघत होता. या माणसानं त्याच्याबरोबर आयुष्यभर सकाळचं शटर वर केलं होतं, दोघांच्या शटरचा आवाज एकात एक मिसळायचा. आता तो काहीतरी म्हणेल, असं कडकला वाटलं.

“मग हा गाळा रिकामा होणार,” किल्लीवाला म्हणाला. “मालकाशी बोलताना माझं नाव टाकून बघ. भिंत पाडली की मलाच वाढवता येईल दुकान. खरोखरचं.”

त्यात वाईट काहीच नव्हतं. तो जिवंत माणूस होता आणि त्याला जागा कमी पडत होती. कडक म्हणाला, बोलतो.

नंतरचे दिवस दुकानाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. लोकांनी कपाटं उपसली. निम्म्या दरात रजया आल्या, लग्नातले कोट आले, खेळण्यातलं एक मोठं अस्वल आलं. कोणी फुलांची कुंडी दिली, कोणी सुचवलं की आता कार्ड मशीन ठेवा, कोणी बजावलं की मोठे झालात म्हणून आम्हाला विसरू नका. कडक पहाटेपासून वाफेत उभा असायचा आणि डाव्या हातानं उजवा हात उचलत राहायचा. पहिले दोन-तीन दिवस तो सुरुवात करायचा, “तसं नाही, खरं म्हणजे,” पण समोरच्याचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असायचं. चुकीची आनंदाची बातमी दुरुस्त करायला जेवढा वेळ लागतो तेवढा काउंटरवर कोणी थांबत नाही. पुढे पुढे तो नुसती मान हलवायला लागला. आणि मान हलवता हलवता एक दिवस, एका म्हाताऱ्या शिक्षकानं विचारलं तेव्हा, त्याच्या तोंडून निघून गेलं की हो, मोठं मशीन येतंय. कुठून, तेही सांगितलं. समुद्रापलीकडून. शिक्षक म्हणाले, वा. संध्याकाळपर्यंत त्या मशीनला तीन दरवाजे झाले होते, आणि कपडे घरपोच न्यायला एक पांढरी गाडी आली होती.

खोटं बोलताना त्याला लाज वाटली नाही याचंच त्याला नवल वाटलं. रात्री जेवताना तो त्या मोठ्या दुकानाचा विचार करायचा. तिथं पुष्कळ माणसं कामाला होती. ‘आमच्याकडून’ म्हटलं तर शोभलं असतं.

पण मनात एक हिशेब चालू होता. राखाडी कोट अजून आला नव्हता. ती त्याच्याच वयाची होती, थोडी लहान असेल. तिच्या घरी दिवा वाढवत असणार. तिनं ते वाक्य वाचलं असणार आणि त्यातला पूर्णविराम तिला उद्गारचिन्हाच्या आडून दिसला असणार. बाकी गाव जाऊ दे. एका माणसाला कळलं तरी दुकान रीतसर वाढलं असं म्हणता आलं असतं. गर्दीत दार उघडलं की तो मान वर करायचा, आणि करड्या रंगाचं काही नाही असं बघून परत खाली घालायचा.

ती आली ती शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी. दुकानात सात-आठ माणसं होती. कोट अंगात होता. थंडी ऐन भरात असताना ती कधी कोट टाकत नसे. तिनं तो तिथंच उतरवला, आणि खालच्या स्वेटरमध्ये ती एकदम लहान दिसायला लागली. रांगेतून पुढे येऊन तिनं कोट काउंटरवर ठेवला.

“तुमचं कार्ड आलं,” ती म्हणाली.

कडकनं हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

“फार बरं वाटलं वाचून. सगळीकडे दुकानं उठतायत, आणि तुम्ही वाढवताय. म्हटलं आपणही हातभार लावावा.” ती हसली. “घाई नाही हं. एक जुना कोट आहे घरी, तो वापरीन. नवं दुकान झालं की सावकाश नेईन.”

तिच्या मागे निळा सूट घड्याळ बघत उभा होता. त्याच्या मागे कोणीतरी अस्वल न्यायला आलं होतं. कडक म्हणाला, “बरं.” चिठ्ठीवर लिहिलं, राखाडी कोट. ‘कोट’चा काना जरा लांबला. ती चिठ्ठी घेऊन गेली, खांदे आवळून, कारण बाहेर वारा होता.

मग तो संध्याकाळपर्यंत कपडे देत राहिला आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोट घेतला. नवं दुकान होणार नव्हतं, तेव्हा कोट ठेवायला जागा नव्हती, इतकं ते सरळ होतं. आधी ब्रश, उभा, लवेच्या दिशेनं. मग कॉलरची आतली बाजू, जिथं मान घासते. कोट जुना होता, कोपरावर पातळ झाला होता, आणि तो कुठे कुठे पातळ झालाय हे त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली; ती पिशवी त्या बाजूला घेते. त्यानं खांद्यात गोल उशी घातली आणि वाफ सोडली, आणि कापड हळूहळू फुगलं, जसं कोणी आत येऊन उभं राहावं. अस्तर एका ठिकाणी उसवलं होतं, ते शिवलं. दुपारी बाकीचे आले आणि आपापले कपडे घेऊन गेले. प्रत्येकाला त्यानं नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. संध्याकाळी दांडा पूर्ण रिकामा झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हँगर एकमेकांवर आपटून थोडा वेळ वाजत राहिले.

त्यानं शटर खाली ओढलं. किल्लीवाला आधीच गेला होता.

पत्ता पाठच होता. इतकी वर्षं लिहिलेला तो पत्ता त्यानं कधी पाहिला नव्हता. ते दोन ओळींचं नाव होतं, आता त्याची एक गल्ली झाली, गल्लीचं एक फाटक, आत जिना. कागदी वेष्टणातला कोट त्यानं डाव्या हातात उंच धरला होता, जमिनीला लागू नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावर दारामागे बोलण्याचा आवाज होता, भांड्यांचा, एका लहान पोराच्या रडण्याचा. त्याला वाटलं होतं ती एकटी राहते. का वाटलं होतं कोण जाणे. टपालात तेवढंच एक कार्ड होतं, म्हणून.

बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईला त्यानं ओळखलं नाही. घरातला झगा, हातावर पीठ, केस सुटलेले. मग त्यानं खांदे पाहिले.

“अगं बाई, तुम्ही?” ती म्हणाली. “आणि एवढ्यात? घरपोच सुरूसुद्धा केलंत?”

“नाही. उद्यापासून दुकान नाही.”

“म्हणजे नव्या जागेत?”

“कुठेच नाही.”

“पण कार्डात तर,” असं म्हणून ती थांबली. तिचे ओठ हलले, आवाज न करता. तो शब्द ती तोंडात घोळवून बघत होती, मागे मागे नेत होती, जिथं पहिल्यांदा ऐकला असेल तिथपर्यंत. मग तिनं पिठाचा हात तोंडावर नेला, आणि पीठ लागलं.

“आणि मी तुमचं अभिनंदन केलं.”

“सगळ्यांनीच केलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“गर्दी होती,” कडक म्हणाला. हे पुरेसं नाही असं वाटून पुढे म्हणाला, “तुम्हाला कळेल असं वाटलं होतं.”

आतून एका बाईमाणसाचा आवाज आला, “आई, कोण आलंय?”

“कोणी नाही,” ती मागे वळून म्हणाली. “कोट आलाय.”

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. तिचा चेहरा उतरला. कडकला मात्र त्यात वावगं वाटलं नाही. त्यानं आयुष्यभर लोकांना असंच म्हटलं होतं, निळा सूट आला, पडदे आले. त्या नावात माणूस येतोच, थोडा उशिरा. त्यानं कोट पुढे केला. तिनं हात झग्याला पुसले आणि तो घेतला, दोन्ही हातांवर, आडवा.

“कोपर जपा,” तो म्हणाला. “अजून दोन थंड्या निघतील.”

“आत या ना. चहा तरी.”

“सामान बांधायचं आहे.”

“कुठे जाणार?”

“पुतणीकडे. तिकडे एक खोली आहे.”

“तिथला पत्ता द्या मला.”

त्यानं खिशात हात घातला. पेन होतं. तिनं मागे हात लांबवून कुठलासा कागद घेतला आणि दारावर धरला. कडकनं पेनाचं टोपण काढलं, आणि मग टोक कागदावर टेकवून तसाच उभा राहिला. गाव आठवलं. स्टेशनवरून उजवीकडे वळायचं ते आठवलं. हिरवं फाटक होतं, फाटकाशी एक पाण्याची टाकी. रस्त्याचं नाव त्याला येत नव्हतं. पुतणी दर वेळी न्यायला यायची. तिला त्यानं कधी कार्ड पाठवलं नव्हतं, ती गिऱ्हाईक नव्हती.

“येत नाही मला,” तो म्हणाला.

“मग कळवा. माझा आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“नक्की कळवा. नुसतं कळवतो म्हणू नका.”

त्यानं मान हलवली. या वेळी कोणी घड्याळ बघत नव्हतं. तो वळला आणि एका हातानं कठडा धरून जिना उतरायला लागला. दोन्ही हात रिकामे असण्याची सवय नव्हती. पहिल्या वळणावर तो दार लागण्याची वाट बघत क्षणभर रेंगाळला. वरून पोराचं रडणं ऐकू येत होतं, आणि कोणीतरी परत विचारत होतं, कोण होतं, आई, कोण होतं. त्याचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही. दुसऱ्या वळणावर पायऱ्यांवर अजूनही वरच्या उघड्या दारातला उजेड पडत होता, पिवळा, लांबट. कडक त्या उजेडात उभा राहून पुतणीच्या रस्त्याचं नाव आठवत राहिला.